खडाखडी

त्या सकाळी माझ्या उजव्या हातात दुधाची पिशवी होती. चार वर्षं झाली त्याला. डिसेंबर होता, नाशिकची थंडी ऐन भरात, आणि सात वाजून गेले तरी गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आमच्या इमारतीचं फाटक शंभरेक पावलांवर राहिलं असताना मागून मोटारसायकल आली, मागे बसलेल्या मुलाचा हात माझ्या मानेवर पडला आणि मंगळसूत्र तुटून त्याच्या मुठीत गेलं.

गाडीचा आवाज मला आधी ऐकू आला होता. जवळ येताना ती हळू झाली, तेही कानांनी टिपलं होतं. वळून बघावं असं वाटलं आणि मी वळले नाही. चांगल्या घरच्या बायका रस्त्यात वळून बघत नाहीत, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

त्यानंतर मी कशी उभी होते ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. डावा हात छातीपर्यंत उचलला गेलेला आणि तिथंच अडकलेला. खांदे कानांना भिडलेले. श्वास आत घेतलेला, सोडायचा राहिलेला. घाबरल्यावर आपण म्हणतो, हातपाय गळाले, अवसान गळालं. माझं काहीच गळालं नव्हतं. उलट सगळं आवळलं होतं. दुधाची पिशवी मी इतकी घट्ट धरली होती की तिच्या कोपऱ्यातून दुधाची धार चपलेवर पडत होती आणि मला ती दिसत असूनही मूठ सोडता येत नव्हती.

सोन्याचं दुःख काही महिन्यांत ओसरलं. मानेवरचा ओरखडा पंधरा दिवसांत गेला. राहिलं ते उभं राहणं. मी ओरडलेसुद्धा नव्हते. रात्री अंथरुणावर पडलं की खांदे आपोआप वर यायचे.

महिन्याभराने मी बायकांसाठीच्या एका दोन दिवसांच्या स्वसंरक्षण शिबिराला गेले. तिथं शिकवलेलं चुकीचं नव्हतं. मनगट पकडलं तर समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूनं सोडवून घ्यायचं, कारण पकड तिथंच उघडी असते. गुडघा, कोपर, टाच ही आपली कठीण हाडं, ती वापरायची. पण माझं मनगट धरणारी मैत्रीण एक-दोन-तीन म्हणून धरायची आणि मी सोडवेपर्यंत हसत उभी राहायची. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, न सांगता कधीतरी मागून धरून बघा. त्यांनी चार दिवस वाट बघितली आणि पाचव्या दिवशी पोळ्या लाटत असताना दंड धरला. पुन्हा तेच. खांदे वर, श्वास बंद, आणि लाटणं मुठीत असं रुतलेलं की बोटांवर वळ उठले. शिबिरातला एकही डाव आठवला नाही. डाव आठवण्याआधीच अंग बंद पडत होतं, आणि माझं खरं दुखणं तिथं होतं.

पुढे तीन-चार महिने कराटेच्या वर्गालाही गेले. कराटेबद्दल मला आदर आहे. विशीतल्या मुलीनं डोळे झाकून जावं. पण तिथं मी शाळकरी मुलांच्या रांगेत शेवटी उभी राहून आणखी घट्ट, आणखी कडक व्हायला शिकत होते, आणि घट्टपणा तर माझ्याकडे गरजेपेक्षा जास्तच होता.

आनंदवल्लीच्या बाजूला गंगेच्या काठी (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) एक जुना औदुंबर आहे. एका रविवारी तिथं साठी उलटलेले एक गृहस्थ झाडाभोवती चालताना दिसले. प्रदक्षिणा घालताहेत असं समजून मी पुढे निघाले होते, पण ते मध्येच गर्रकन वळले आणि उलट बाजूनं चालायला लागले. शंकराच्या देवळात सोमसूत्री घालताना माणूस अर्ध्यातून परत फिरतो. औदुंबराला तसं कुणी करत नाही. मी थांबून बघत राहिले. पाऊल चिखलात पडावं तसं सपाट पडत होतं, गुडघे थोडे वाकलेले, आणि कंबरेपासून वरचं सगळं अंग झाडाकडे वळलेलं, दोन्ही तळवे झाडाच्या रोखानं. डोकं जराही वरखाली होत नव्हतं. डोक्यावर तांब्या ठेवला असता तर पाणी हिंदकळलं नसतं.

ते सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंता. कंपनीच्या कामानं काही वर्षं शांघायला होते आणि तिथल्या बागेत एका म्हाताऱ्या गुरूंकडून चिनी युद्धकला शिकले. आम्ही त्यांना सर म्हणतो. क्लास नाही, फलक नाही, फी नाही. सकाळी साडेपाचला जो येईल तो येईल. मी स्वसंरक्षणासाठी शिकायचं आहे म्हटल्यावर त्यांनी मला मंगळसूत्र, पोलीस, तक्रार यातलं काही विचारलं नाही. "धक्का बसला तेव्हा श्वास कुठं होता?" एवढंच विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारला होता.

चिनी युद्धकलांमध्ये ज्यांना 'नेइ-जिया', म्हणजे आतल्या घराण्याच्या, स्नायूंच्या जोरापेक्षा आतल्या ताकदीवर भर देणाऱ्या, म्हणतात त्या मुख्यतः तीन: ताय-ची, शिंग-यी आणि बा-ग्वा. आत आणि बाहेर हा भेद १६६९ मधल्या एका मृत्युलेखात पहिल्यांदा सापडतो. विचारवंत ह्वांग त्सोंगशी यांनी वांग चंगनान नावाच्या योद्ध्यासाठी तो लिहिला होता. पण या तीन कलांना एका छपराखाली आणण्याचं मोठं श्रेय सुन लूथांग यांना जातं. १८६० च्या सुमारास जन्मलेला हा माणूस आधी शिंग-यी शिकला, मग बा-ग्वा आणि पन्नाशीच्या घरात ताय-ची. आजारी पडलेल्या एका अनोळखी ताय-ची गुरूंची त्यांनी बीजिंगमध्ये शुश्रूषा केली आणि त्या गुरूंनी बदल्यात आपली विद्या दिली, असं सांगतात. १९१५ साली त्यांनी शिंग-यीवर पुस्तक छापलं, मग उरलेल्या दोन्हींवर. पन्नाशीत नव्या गुरूपुढे उभं राहणारा हा माणूस मला तेव्हापासून जवळचा वाटतो.

हे सगळं मी रात्री वाचायचे आणि सकाळी सरांना विचारायचे, यातलं मी काय शिकू? स्वतःला वाचवायला कुठली कला लवकर कामी येईल? ते म्हणायचे, तिन्हींत एकेक महिना उभ्या राहा, मग बोलू.

ताय-चीनं सुरुवात झाली. बागेत म्हातारी माणसं संथ हात हलवतात ते चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ते बहुधा २४ हालचालींचं असतं, आणि चीनच्या क्रीडा खात्यानं १९५६ साली लोकांच्या आरोग्यासाठी ते बेतलं. पाच-सहा मिनिटांत संपतं. तब्येतीला ते उत्तम आहे. म्हाताऱ्या माणसांचं पडणं त्यानं कमी होतं, हे संशोधनातूनही पुढे आलेलं आहे, आणि आमच्या घरात सासूबाई न्हाणीघरात पडल्यापासून मी तेही संरक्षणच मानते. पण मूळ ताय-ची एवढीच नाही. हनान प्रांतातल्या छेन घराण्याच्या गावात ती वाढली आणि त्या घराण्याच्या जुन्या प्रकारात आजही संथ हालचालीमधून एकदम पाय आपटतो, ठोसा सुटतो. त्या गावात यांग लूछान शिकले, एकोणिसाव्या शतकात बीजिंगला जाऊन तिथल्या मांचू राजवटीच्या पहारेकऱ्यांना शिकवू लागले, आणि त्यांच्या नातवापर्यंत येता येता ती आज आपण बघतो तशी मोठी, मऊ, संथ झाली. एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण मीही फसले होते. ताय-चीमधला 'ची' आणि श्वासाचा, प्राणाचा म्हणतात तो 'ची' हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ टोक, परमसीमा. प्राणशक्ती फेकून दहा फुटांवरचा शिष्य पाडणाऱ्या गुरूंचे व्हिडिओ जे बघतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. असले व्हिडिओ बघून मला राग येतो. घाबरलेल्या माणसाला खोटा धीर विकणं हे पाप आहे.

२०१७ साली छंगतू शहरात शू श्याओतोंग नावाच्या मिश्र युद्धकलेतल्या लढवय्यानं ताय-चीच्या एका शिक्षकाला काही सेकंदांत जमिनीवर आडवं केलं. तो व्हिडिओ जगभर फिरला. मी तो सरांना दाखवला, थोडं भीतभीतच. त्यांनी दोनदा बघितला. म्हणाले, "या शिक्षकाला कित्येक वर्षांत कुणी खरोखर ढकललेलं नाही. बघा, ठोसा येताना डोळे मिटतात त्याचे." मग मोबाइल परत देऊन म्हणाले, "चला, मी तुम्हाला ढकलतो."

त्याला थ्वेइ-शौ म्हणतात, हात ढकलणं. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि गोल गोल फिरवत एकमेकांचा तोल शोधायचा. सर माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ. त्यांचा हात माझ्या हातावर चिमणी बसावी इतका हलका होता. मी जोर लावला तर समोर काहीच नसायचं आणि मी पुढे झुकायचे. मी मागे घेतला तर तोच हात माझ्याबरोबर आत यायचा आणि मी तीन पावलं मागे, औदुंबराच्या मुळांवर. पंचवीस-तीस वेळा हे झाल्यावर ते म्हणाले, "तुमचा खांदा मला आधीच सगळं सांगतो. तुम्ही ढकलायचं ठरवता तेव्हा तो वर येतो, घाबरता तेव्हाही वर येतो. मला तुमचा हात बघावाच लागत नाही."

चिनी भाषेत यावर एक शब्द आहे, 'सोंग'. इंग्रजी पुस्तकांत त्याला विश्रांतीचा शब्द लावतात, आणि तो वाचून माणसं ढिली पडतात. सरांनी मातीत काडीनं अक्षर काढून दाखवलं. वरच्या भागात केसांची खूण, खाली पाइन वृक्षाची, ती उच्चारासाठी. बांधलेले केस सोडावेत तसं. मला आपला 'मोकळं' हा शब्द सुचला. केस मोकळे, अंग मोकळं, मन मोकळं. ढिल्या दोरीवर कपडे वाळत नाहीत, पण मोकळे सोडलेले केस मुळाशी घट्टच असतात. सरांना तो शब्द इतका आवडला की आता नव्या माणसालाही ते 'मोकळं' असंच सांगतात.

ताय-चीच्या एका जुन्या पदात म्हटलं आहे, चार ल्यांगनं हजार जीन वळवावं. जुन्या मापात सोळा ल्यांगचा एक जीन, तेव्हा चार ल्यांग म्हणजे पाव जीन. पाव शेरानं हजार शेर वळवायचे. मी अंबडच्या एका कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे आकडा आधी डोक्यात शिरला. अंगात शिरायला वर्ष गेलं.

दुसऱ्या महिन्यात बा-ग्वा. वर्तुळात चालण्याची कला. एकोणिसाव्या शतकात बीजिंगमध्ये तोंग हायछ्वान यांनी ती प्रसिद्धीला आणली. त्यांचे एक शिष्य छंग थिंगह्वा यांचं चष्म्याचं दुकान होतं, आणि १९०० साली परदेशी फौजा बीजिंगमध्ये शिरल्या त्या धामधुमीत त्यांना गोळी लागली. हा तपशील मी वाचला त्या दिवशी फार उदास झाले. हयातभर वार चुकवायला शिकलेला माणूस, आणि गोळी. बा-ग्वात समोरच्याच्या रेषेत उभंच राहायचं नाही, सारखं त्याच्या बगलेला जायचं, दोन-तीन माणसं असतील तर त्यांच्यामधून निघायचं. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी मी पंधरा वर्षं केलेली आहे. गर्दीतून कुणाला धक्का न लावता वाट काढणारे बाप्ये-बाया तिथं बघितले आहेत, तसं ते चालणं. मला या कलेचं वेड लागलं असतं. पण सरांनीच सांगितलं, की नुसतं पाऊल बसायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर हात रिकामे असतात. शिकायला सुंदर, कामी यायला उशिराची. माझंही तेच मत झालं.

आणि मग शिंग-यी.

नदीवर धुकं होतं त्या दिवशी. सरांनी विचारलं, "बंबाची लाकडं फोडली आहेत का कधी?" पंचवटीतल्या आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता आणि दहावीपर्यंत ढलप्या काढायचं काम माझंच होतं. मी हो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. शिंग-यीचा पहिला ठोसा 'पी', म्हणजे कुऱ्हाडीनं लाकूड चिरणं. मूठ हनुवटीखालून वर जाते, उघडते आणि पुढच्या पावलाबरोबर तळवा खाली कोसळतो. हात मारत नाही, हातामागून सगळं अंग येतं. कुऱ्हाड कशी, आपण नुसती वर नेतो आणि तिला पडू देतो. जो मनगटानं हाणतो त्याची कुऱ्हाड लाकडात अडकते किंवा निसटून नडगीवर येते. हे मला चौदाव्या वर्षी येत होतं. तीस वर्षांनी गंगेच्या काठी उभं राहून मी धुक्यात एक अदृश्य ओंडका फोडला आणि श्वास आपोआप बाहेर पडला. कुऱ्हाड पडताना श्वास कुणी कोंडून धरत नाही.

असे पाच ठोसे: चिरणारा, वर घुसणारा, बाणासारखा सरळ, तोफेसारखा आणि आडवा. पाच तत्त्वांशी ते जोडलेले आहेत, पण ती आपली पंचमहाभूतं नव्हेत. त्यांच्याकडे आकाश आणि वायू नाहीत, त्याजागी धातू आणि लाकूड आहे. पुढे बारा प्राण्यांच्या चाली येतात, पण पाया या पाचांचाच. दिसायला ही कला अगदी साधी, जवळजवळ रूक्ष. सरळ रेषेत जायचं, वळायचं, सरळ रेषेत यायचं. क्वो युनशेन नावाच्या एका गुरूबद्दल म्हण आहे, की अर्ध्या पावलाच्या सरळ ठोशानं त्यांनी मुलूख जिंकला. तुरुंगात पायांत बेड्या असल्यामुळे अर्ध्याच पावलाचा सराव झाला, अशी आख्यायिका तिला जोडतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी, पण अर्ध्या पावलात ताकद तयार करायची ही गोष्ट खरी आहे आणि अरुंद जिन्यात, बसमध्ये, दारात उभ्या असलेल्या बाईला हीच लागते.

या कलेचा इतिहासही मला पटला. शान्सी प्रांतातल्या फिंगयाओ गावात १८२३ च्या सुमारास चीनमधली पहिली हुंडीची पेढी निघाली. त्या मुलखात चांदी आणि माल घेऊन जाणाऱ्या तांड्यांना राखणदार लागत, आणि शिंग-यीचे कितीतरी जाणकार या राखणदारीवर पोट भरत. वाटेत लुटारू भेटणार हे गृहीत धरून ही कला घासली गेली. माझ्यासारखीच तिची ओळखही रस्त्यावरच्या चोराशी.

शिंग-यीत शिकणं मात्र ठोशांनी सुरू होत नाही, उभं राहण्यानं होतं. सान-थी-शी नावाची एक ठेवण आहे. एक पाय पुढे, साठ-सत्तर टक्के भार मागच्या पायावर, पुढचा तळवा खांद्याच्या उंचीवर, मागचा बेंबीपाशी, अंगठा आणि तर्जनी यांच्यातली जागा गोल उघडलेली. त्या जागेला ते वाघाचं तोंड म्हणतात. असं उभं राहायचं. पहिल्या दिवशी दोन मिनिटांत मागची मांडी लटपटायला लागली. चौथ्या मिनिटाला मला दुधाची पिशवी आठवली. म्हणजे आठवण आली असं नव्हे, अंगच त्या गल्लीत जाऊन उभं राहिलं: पुढचा हात छातीपुढे अडकलेला, खांदे वर, श्वास वर. तीच ठेवण! फक्त इथं पाय जमिनीत होते, आणि एक माणूस शेजारी उभा राहून म्हणत होता, "खांदा खाली. श्वास सोडा. हात राहू द्या तिथंच." मी तिथंच उभी राहून रडले. सर काही बोलले नाहीत. दोन पावलं बाजूला जाऊन नदीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "आता दुसरा पाय पुढे."

त्या दिवशी निवड झाली.

आता कुणी विचारलं, की स्वतःच्या बचावासाठी या तिघींतली कुठली शिकू, तर मी आडपडदा न ठेवता शिंग-यी सांगते. गोष्टी थोड्या, रोज अर्धा तास पुरतो, वर्षभरात हाताशी काहीतरी येतं. पण त्याला एक अट जोडते आणि ती कलेच्या नावापेक्षा मोठी आहे. शिकवणारा तुम्हाला हात लावतो का? आधी हळू, मग जोरात, मग न सांगता ढकलतो का? आणि त्याला उलट ढकलू देतो का? तसं नसेल तर तिन्हींतली कुठलीही घ्या, ते छान व्यायाम आहेत. आणि तसं असेल, तर ताय-ची शिकवणाऱ्याकडे जायलाही माझी ना नाही. ज्या वर्गात गुरूच्या अंगाला कुणाचा हात लागत नाही, तिथून मात्र लांब राहा.

आणि त्या मोटारसायकलीचं काय? तेही सरळ सांगते. त्या सकाळी मला तिन्ही कला येत असत्या तरी मंगळसूत्र गेलंच असतं, आणि जावंच. धावत्या गाडीवरच्या हाताला धरून ठेवणारी बाई रस्त्यावर फरफटते. मला वाचवू शकलं असतं ते म्हणजे आवाज ऐकल्यावर वळून बघणं, आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेनं चालणं. आता मी तसंच चालते आणि बेधडक वळून बघते. कायद्यानंही आपल्याला बचावाचा हक्क दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि त्याला मर्यादाही तिथंच घातलेली आहे: बचावाला लागेल तेवढंच, त्याहून जास्त नाही. पळणाऱ्याच्या मागे लागून मारणं हा बचाव नव्हे. सर हे पहिल्याच आठवड्यात सांगतात.

उपयोग झाला का, असं विचारतात लोक. गेल्या वर्षी बसच्या रांगेत एका माणसानं मागून दाबायला सुरुवात केली. खांदा वर आला नाही. श्वास सुटला, अंग अर्ध्या पावलानं वळलं, त्याचा भार पुढे रिकाम्या जागेत गेला आणि तो अडखळला. "मागे व्हा!" असा आवाज निघाला. तो माझा होता, हे मला नंतर कळलं. एवढंच झालं. पण चार वर्षांपूर्वी जो आवाज निघाला नव्हता, तो निघाला.

माझे वडील, अण्णा, आता शहात्तर वर्षांचे आहेत. तरुणपणी पंचवटीतल्या तालमीत त्यांनी लाल मातीत बारा वर्षं काढली. मी चिनी काहीतरी शिकते म्हटल्यावर ते आधी गप्प बसले आणि मग बाळंभट दादा देवधरांची गोष्ट त्यांनी पुन्हा एकदा सांगितली. कोठुऱ्याचे बाळंभट, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी. हैदराबादेकडचे दोन मल्ल आव्हान देत पुण्याला आले, तेव्हा बाळंभटांनी मुदत मागितली, सप्तशृंगीच्या गडावर अनुष्ठानाला बसले आणि तिथं लाकडाच्या खांबावर खेळणाऱ्या वानराकडून मल्लखांब शिकले. "आपल्या वणीच्या गडावर," अण्णा दर वेळी आवर्जून म्हणतात. मी त्यांना ताय-चीची दंतकथा सांगितली: वूतांग डोंगरावर चांग सानफंग नावाच्या योग्यानं पक्षी आणि साप यांची झुंज बघितली आणि त्यातून कला सुचली. १९३० च्या दशकात थांग हाओ या अभ्यासकानं छेन गावापर्यंत जाऊन शोध घेतला आणि ती कथा निकालात काढली, हेही सांगितलं. अण्णा म्हणाले, "काढू दे. डोंगरावर बसून जनावराकडं बघत राहिलेला माणूस दोन्हीकडं आहे ना?"

मग एका रविवारी मी त्यांना नदीवर घेऊन गेले. ते दगडी पायरीवर शाल पांघरून बसले आणि आमचं हात ढकलणं बघत राहिले. दहा मिनिटांनी मोठ्यानं म्हणाले, "अगं, ही तर खडाखडी आहे!" कुस्ती लागण्याआधी पैलवान हाताला हात, मानेला हात लावून एकमेकांचा अंदाज घेतात, जोर कुठून येतोय ते चाचपतात, ती खडाखडी. सरांना हा शब्द माहीत नव्हता. अण्णांनी त्यांना तो समजावून सांगितला, हाताला धरून. दोघं बराच वेळ बोलत होते, आणि मी पहिल्यांदाच बघितलं की सर मागे सरकत होते.

परवा घरी चहा झाल्यावर अण्णा म्हणाले, "ये, उभी राहा." गॅलरीत उन्हाचा पट्टा आला होता. त्यांनी मनगट माझ्या मनगटाला टेकवलं. हात थरथरतो त्यांचा आता, सुरकुतलेला, हलका. त्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. एक फेरा, दोन फेरे, तिसऱ्याला मला वाटलं, त्यांचा तोल सापडला, आता हळूच, लागणार नाही असं, आणि मी पाठीमागच्या खुर्चीत बसलेली होते.

"अण्णा, कसं केलंत?"

"डावा खांदा," ते डोळे न उघडताच म्हणाले. "अजून वर येतोय. ऊठ, पुन्हा."